जगन्नाथ शंकरशेठ वारसाफेरी, चंदनवाडी ते नाना चौक: एक परीक्षण

चंदनवाडीपासून निघून ठाकुरद्वार, गिरगाव, ऑपेरा हाऊस आणि केनेडी पूल या वाटेने नाना चौकापर्यंत जाणारी ही पायी फेरी मुंबईतले बडे सावकार आणि सार्वजनिक कार्यकर्ते जगन्नाथ शंकरशेठ ऊर्फ नाना शंकरशेठ (१८०३–१८६५) यांच्या चरित्रावर बेतलेली आहे. मुंबईत अलीकडे हेरिटेज वॉक पुष्कळ झाले आहेत. परंतु त्यांतील बहुतेक फोर्टातल्या इमारतींभोवती फिरतात आणि वास्तुशैली, शिल्पी, दगड यांतच रमतात. एका माणसाचे आयुष्य धरून, तेही मराठीतून, गिरगावच्या रस्त्यांवरून चालवलेली फेरी हा त्यामानाने विरळा प्रकार आहे, आणि म्हणूनच तिच्याकडून माझी अपेक्षा थोडी जास्त होती. ती बऱ्याच अंशी पुरी झाली. जेथे झाली नाही तेथे का झाली नाही, तेही लिहितो. या परिसरात फेऱ्या काढणारे लहानमोठे गट बरेच असून पुढील मजकूर त्यांतील अनेकांना कमी-अधिक लागू पडेल, तेव्हा आयोजकांचे नाव देण्याचे कारण नाही.

आधी व्यवहाराचे. फी माणशी चारशे रुपये, वेळ रविवारी सकाळी सात, कालावधी सांगायला अडीच तास आणि प्रत्यक्षात तीन. रविवारची सकाळ निवडण्यात आयोजकांचे शहाणपण आहे, कारण इतर कोणत्याही दिवशी ठाकुरद्वार नाक्यावर उभे राहून एकोणिसाव्या शतकाबद्दल काही ऐकू येणे अशक्य आहे. आमच्या तुकडीत कॉलेजची मुले होती, दोन-तीन जोडपी होती आणि गिरगावात जन्मून आता उपनगरांत राहायला गेलेली काही ज्येष्ठ मंडळी होती. मार्गदर्शक तिशीतले, वाचन चांगले असलेले आणि मुख्य म्हणजे आवाज न चढवता बोलणारे होते.

फेरी नाना चौकात सुरू न करता तेथे संपवणे आणि सुरुवात चंदनवाडीच्या स्मशानभूमीबाहेर करणे, हा या आखणीतला सर्वांत चांगला निर्णय आहे. हा भाग पूर्वी सोनापूर म्हणून ओळखला जाई. येथली हिंदूंची स्मशानभूमी वस्तीपासून दूर, शिवडीकडे हलवावी असे सरकारच्या मनात होते आणि नानांनी त्याला विरोध करून ती जागेवर राखली, ही हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. पण जेथे ती घडली तेथे, फाटकाबाहेर फुलांच्या आणि मडक्यांच्या दुकानांसमोर उभे राहून ऐकताना तिचा अर्थ वेगळाच लागतो. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर येथून तिरडी खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जायचे म्हणजे काय, हे समोरचा रस्ता पाहिला की कोणी समजावून सांगावे लागत नाही. मार्गदर्शकांनी येथे फार भाष्य न करता श्रोत्यांना दोन मिनिटे नुसते उभे राहू दिले. एक आजी हलक्या आवाजात म्हणाल्या, “म्हणजे आमच्या घरची सगळी माणसं यांच्यामुळे इथून गेली म्हणायची.” नानांच्या कार्याचे याहून नेमके वर्णन पुढच्या तीन तासांत कोणी केले नाही.

तेथून ठाकुरद्वारमार्गे ज्या रस्त्याला लागतो तो पूर्वीचा गिरगाव रोड आणि आताचा जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. पत्त्यांत, दुकानांच्या पाट्यांवर आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी मात्र तो ‘जेएसएस रोड’ झाला आहे, म्हणजे रस्त्याला माणसाचे नाव दिले आणि मग त्यातून माणूस काढून तीन अक्षरे ठेवली. फेरीतल्या एका मुलीने जेएसएस ही एखादी शिक्षणसंस्था असावी असे आपल्याला वाटत होते, हे प्रांजळपणे सांगितले. तिला हसण्याचा अधिकार आमच्यापैकी फारच थोड्यांना होता.

हा रस्ता आज पाहताना भुयारी मेट्रोला वगळून पाहता येत नाही. काळबादेवी आणि गिरगाव ही मेट्रो-३ ची दोन्ही स्थानके याच रस्त्याच्या पोटात आहेत; त्यांच्यासाठी जुन्या चाळी पाडल्या गेल्या, कुटुंबे हलली आणि रस्ता कित्येक वर्षे निळ्या-पांढऱ्या पत्र्यांमागे गेला. याच मार्गिकेवर मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेठ यांचे नाव आहे. शिवाय पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल स्थानकालाही त्यांचे नाव द्यावे असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये केला. मार्गदर्शकांनी ही माहिती अचूक दिली, पण ती केवळ अभिमानाची बाब म्हणून दिली. ज्येष्ठ मंडळींपैकी एका काकांची चाळ याच कामात गेली होती आणि त्यांना यावर बरेच बोलायचे होते असे दिसत होते. त्यांना बोलू दिले असते तर फेरीला चार गोष्टी फुकट मिळाल्या असत्या. वेळापत्रक सांभाळण्याच्या घाईत “काका, पुढे बोलू या” म्हणून तो विषय मिटवला गेला, तो पुन्हा निघाला नाही.

गिरगावातील शिक्षणाचा टप्पा मात्र उत्तम सांगितला गेला. त्याची पार्श्वभूमी अशी. मुरबाडला जन्मलेले नाना एकोणीस वर्षांचे असताना, १८२२ मध्ये, वडील वारले आणि मोठ्या पेढीचा कारभार त्यांच्या अंगावर आला. त्याच सुमारास मुंबईत गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या प्रोत्साहनाने एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी मंडळी उभी राहत होती. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये परत गेला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ जो निधी जमला त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन निघाले, आणि या सगळ्या खटपटीत नाना पुढे होते. १८४८ मध्ये या इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्थापन केलेल्या सभेने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा त्यांतील एकीला नानांनी आपल्या गिरगावातील वास्तूत जागा दिली. पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये शाळा काढली होती. पुण्यात ती काढणाऱ्यांना घर सोडावे लागले. मुंबईत शाळेला घर देणारा माणूस शहरातला बडा सावकार होता. दोन शहरांतील हा फरक मार्गदर्शकांनी एका वाक्यात मांडला आणि पुढे गेले. या एका वाक्यासाठी त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

त्याहून चांगले निरूपण झाले ते भाषेच्या वादाचे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर नाना सदस्य होते आणि बोर्डाचे अध्यक्ष, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा होता. सरकारदरबारी वजन असलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांशी रोजची ऊठबस असलेल्या आणि इंग्रजी शिक्षणासाठी स्वतः पैसा उभारलेल्या माणसाने अशा वेळी अध्यक्षांच्या बाजूने मान डोलावणे स्वाभाविक होते. नानांनी १८४७ मध्ये लेखी टिपण देऊन उलट बाजू घेतली. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. सर्वसाधारण लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल तर ते त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच पोहोचेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आज मुंबईतल्या मराठी शाळांच्या वर्गखोल्या रिकाम्या पडत असताना, आणि त्यांतल्या काही याच रस्त्याच्या आसपास असताना, हे टिपण चर्चेत का येत नाही, याचे मला नवल वाटते. मार्गदर्शकांनी त्याचा आशय एका शाळेच्या बंद फाटकासमोर थांबून सांगितला. ती जागा त्यांनी मुद्दाम निवडली की थांबायला दुसरीकडे पदपथ नव्हता, हे कळले नाही, पण निवड योग्य होती.

येथेच त्यांनी नानांच्या नावाच्या संस्कृत शिष्यवृत्तीचाही उल्लेख केला, आणि तुकडीत एकदम चैतन्य आले. शालान्त परीक्षेत संस्कृतमध्ये अव्वल येऊन ‘शंकरशेठ’ मिळवणे हा मराठी मध्यमवर्गाचा जुना स्वप्नविषय आहे. चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ मध्ये मॅट्रिकला मिळवली होती. अनेक शाळांच्या गुणवत्ता फलकांवर हे नाव सोनेरी अक्षरांत असते. गंमत म्हणजे ज्यांना शिष्यवृत्ती ठाऊक होती त्यांतील कित्येकांनी रस्त्याच्या नावाशी तिचा संबंध कधी जोडला नव्हता.

आता तक्रारीकडे. ऑपेरा हाऊसवरून केनेडी पुलावर आल्यावर मार्गदर्शकांनी फेरीतील सर्वांत लांब थांबा घेतला आणि खाली धावणाऱ्या लोकल दाखवत नानांच्या रेल्वेकार्याची कथा सांगितली. १६ एप्रिल १८५३, दुपारचे तीन वाजून पस्तीस मिनिटे, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी: हे सर्व तपशील बरोबर आहेत आणि ते त्यांनी रंगवून सांगितले. अडचण अशी, की केनेडी पुलाखालून जाणारा मार्ग त्या रेल्वेचा नव्हे. तो बी.बी.सी.आय. कंपनीचा, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचा. नाना ज्या कंपनीचे संचालक होते त्या जी.आय.पी.चा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचा) मार्ग बोरीबंदरहून भायखळ्याकडे जातो, या पुलापासून चांगलाच दूर. मार्गदर्शकांनी चुकीचे विधान एकही केले नाही, परंतु हा फरकही सांगितला नाही, आणि त्यामुळे तुकडीतील निम्म्या लोकांनी खालच्या विरार लोकलचे चित्र ‘नानांची रेल्वे’ म्हणून मोबाइलमध्ये टिपून नेले. जागेवर उभे राहून इतिहास सांगण्याचा दावा असणाऱ्या फेरीत जागेचीच अशी ढिलाई खपत नाही.

दुसरी, अधिक गंभीर तक्रार ‘भारतीय रेल्वेचे जनक’ या बिरुदाबद्दल आहे. फेरीत ते किमान अर्धा डझन वेळा आले. नानांचे रेल्वेतले श्रेय मोठे आणि निर्विवाद आहे: जमशेटजी जीजीभाईंबरोबर १८४५ मध्ये त्यांनी रेल्वेसाठी मंडळ उभे केले, मुंबईतल्या भांडवलदारांचा आणि सरकारचा विश्वास मिळवला आणि जी.आय.पी.च्या दहा संचालकांत जे दोनच भारतीय होते त्यांतले एक ते होते. पण ही कंपनी १८४९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली, तिच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि ती हमी हिंदुस्थानच्या महसुलातून पुरवली जात होती, आणि मार्गाची आखणी जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याने केली. एवढे सांगितल्याने नाना लहान होत नाहीत. उलट, परक्या भांडवलाच्या आणि परक्या सत्तेच्या व्यवहारात स्थानिक माणसाने आपली जागा कशी मिळवली, हा खरा रसाचा प्रश्न उभा राहतो. जनक म्हटले की प्रश्नच संपतो.

नाना चौकातला शेवटचा टप्पा ऐकण्याच्या दृष्टीने फसला. वर वर्तुळाकार स्कायवॉक, खाली ग्रँट रोड, ताडदेव आणि ऑगस्ट क्रांती मैदानाकडून येणारी वाहने, आणि साडेनऊनंतर रविवारचीही शांतता संपलेली. कानांत घालायची जी यंत्रे सुरुवातीला दिली होती ती येथे खरखरू लागली. तरीही दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक म्हणजे चौकाजवळचे भवानी-शंकराचे मंदिर. शंकरशेठ घराण्याच्या देवस्थानांपैकी हे एक असून चौकाच्या गदारोळापासून काही पावलांवर त्याचे आवार अचानक निवांत होते. आत शिरताना पायांतली चप्पल काढून फरशीवर पाऊल टाकले, तर उन्हे चढली असूनही दगड गार होता. दुसरी गोष्ट ग्रँट रोड नाट्यगृहाची. नानांच्या पुढाकाराने आणि त्यांच्या जागेवर १८४६ मध्ये उभे राहिलेले हे नाट्यगृह आता नाही; पण विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन १८५३ मध्ये आपले मराठी नाट्यप्रयोग केले ते तेथे, आणि त्याच वर्षी पारशी रंगभूमीचाही तेथे आरंभ झाला. म्हणजे आगगाडी आणि तिकीट लावून केलेले मराठी नाटक हे दोन्ही मुंबईकरांनी एकाच वर्षी पाहिले, आणि दोन्हींमागे एकच गृहस्थ होते. रेल्वेला पुलावर मिळालेल्या वेळेतील निम्मा वेळ या नाट्यगृहाला द्यायला हवा होता.

आता या फेरीत जे मुळातच नाही त्याविषयी. आखणी नावांच्या पाट्या जेथे आहेत तेथून गेली आहे, आणि पाट्या हा इतिहासाचा फार बेभरवशाचा नकाशा असतो. फोर्टमध्ये एक गनबो स्ट्रीट होता. ते नाव नानांचे पूर्वज गणबाशेट यांच्यावरून पडले असे मानले जाते. कोणा इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावरून ते आले असावे असाही अनेकांचा समज होता. आज तो रस्ता रुस्तम सिधवा मार्ग आहे. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळी घराणे किल्ल्याच्या आत व्यापार करत होते आणि नानांच्या काळात ते गिरगावकर झाले, हे स्थलांतर केवळ या दोन रस्त्यांवरून दाखवता येते. त्याला आणखी एक दुवा आहे: नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, आणि त्याच महिन्यात फोर्टमध्ये मोठी आग लागून वस्तीचा बराच भाग जळाला, त्यानंतर तटाबाहेरच्या मुंबईची वाढ झपाट्याने झाली. घराणे आगीमुळेच हलले असा माझा दावा नाही. पण नानांची मुंबई कोणती, हे समजण्यासाठी या घटनेचा उल्लेख हवाच होता.

टाऊन हॉलही राहिला. एशियाटिक सोसायटीच्या त्या इमारतीत एल्फिन्स्टन, माल्कम आदी गव्हर्नरांच्या संगमरवरी पुतळ्यांच्या पंगतीत नानांचाही पुतळा आहे, तो मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. अंतरामुळे तो एका सकाळीत बसणार नाही हे मान्य, पण निदान छायाचित्र दाखवता आले असते. बॉम्बे असोसिएशनचा उल्लेख एका वाक्यात उरकला, हे मात्र खटकले. २६ ऑगस्ट १८५२ रोजी नाना, भाऊ दाजी लाड, नवरोजी फर्दुनजी, जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी स्थापन केलेली ही संस्था पश्चिम भारतातल्या सनदशीर राजकारणाचा आरंभ आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होत असताना कारभाराच्या तक्रारींचा अर्ज तिने थेट पार्लमेंटकडे धाडला. १८५७ च्या धामधुमीत नानांवरच सरकारचा संशय गेला आणि तो सिद्ध झाला नाही, हेही फेरीत आले नाही. पाचच वर्षांनी, १८६२ मध्ये, त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमले, ही विसंगती आल्याशिवाय त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची चव कळत नाही. सांगणाऱ्याला निव्वळ ‘दानशूर’ आणि ‘द्रष्टे’ नाना हवे असले की असे प्रसंग गळतात. मार्गदर्शक स्वतः हे जाणत असावेत, कारण चहाच्या वेळी मी विचारले तेव्हा त्यांनी १८५७ विषयी नीट, तपशीलवार उत्तर दिले. मग ते सगळ्यांसाठी का नाही, असे विचारल्यावर “लोकांना कंटाळा येतो, सर” असे उत्तर आले. लोकांना कंटाळा येत नाही. सोनापुराजवळ कोणाला आला नव्हता.

फेरीबरोबर मिळणारी आठ पानी पुस्तिका जपून ठेवण्याजोगी आहे. नकाशा स्वच्छ आहे, रस्त्यांची जुनी व नवी नावे शेजारी-शेजारी छापली आहेत आणि शुद्धलेखनाकडे लक्ष दिलेले दिसते, जी आजकाल गृहीत धरण्याची गोष्ट नव्हे. सनावळी एकाच पानावर ‘पहिले’, ‘पहिले’ अशी रचून दिली आहे, ती मात्र वाचवत नाही. त्या पानावर नानांचा मृत्यू ३१ जुलै १८६५ असा दिला आहे. मुंबईचा कापसाच्या तेजीचा आणि शेअरांचा फुगा त्याच महिन्याच्या १ तारखेला फुटला होता, एवढी एक ओळ पुढे जोडली असती तरी कोणते शहर मागे ठेवून ते गेले हे वाचकाला कळले असते.

ज्येष्ठांनी जावे का, हा प्रश्न मला दोघांनी विचारला आहे. चाल सपाट आहे, वेग बेताचा आहे, वाटेत एकदा चहासाठी इराण्याकडे बसायला मिळते. परंतु स्वच्छतागृहाची सोय त्या एकाच थांब्यावर आहे आणि केनेडी पुलावर ऊन थेट अंगावर येते, तेव्हा मार्च ते मे टाळावे. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात. लहान मुलांना घेऊन जायचे असल्यास गिरगावातील टप्प्यापर्यंतच जावे आणि मंदिर नंतर निवांत पाहावे. नावनोंदणी करताना मराठी तुकडी असे स्पष्ट कळवावे लागते, नाहीतर इंग्रजी तुकडीत नाव पडते. नानांच्या १८४७ च्या टिपणावर बोलणाऱ्या आयोजकांनी हा क्रम उलटा ठेवायला हरकत नसावी. चारशे रुपयांना फेरी महाग नाही. फोर्ट आणि टाऊन हॉल धरून दुसरा भाग काढण्याचा त्यांचा विचार आहे असे कळले. तो निघाला तर मी पैसे भरून जाईन, फक्त रेल्वेची कथा त्यांनी या वेळी बोरीबंदरजवळ सांगावी.